री

नीलव्वा आमच्या भिंतीपलीकडं राहते.
वडगावच्या या गल्लीत भिंत म्हणजे एक वीट,
तीही दिवसभर मागाच्या ठोक्यानं थरथरत असते.
नीलव्वाला मराठी येतं, तिच्या पद्धतीनं येतं:
"मी आला," म्हणते, "भाजी संपला," म्हणते,
"तुमचा पोरगी लई शाणा हाय."

परवा रात्री सानिका ताटावर बसल्या बसल्या
नीलव्वा झाली.
ओढणी डोक्यावर, हात गुडघ्यावर,
"अय्य शिवने! भाजी संपला की ओ!"
दीर हसले. सासूबाईंना ठसका लागला.
मीही हसले.
हे खरं तर आधी सांगायला हवं होतं:
मीही हसले, आणि वर तिला गरम भाकरी वाढली.

तेवढ्यात वीज गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम थांबले.
पलीकडं वाजत असलेलं भांडंही थांबलं.
एका विटेतून किती ऐकू जातं, मला ठाऊक आहे.
तिचा खोकला मी रोज रात्री मोजते.

तसं मी सानिकाला शिकवलंय सगळं.
आल्यागेल्याला आधी पाणी,
शिंक आली की तोंडापुढं कोपर,
कुणी झोपलं असेल तर कडी हळू.
थँक्यू तर इतकं म्हणते की रिक्षावाले दचकतात.
पण हे आता कशात बसवायचं?
रागवायला मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिची शाळा बुडवून
रेशनकार्डात नाव घालायला गेलो दोघी.
कन्नड मला वाचता येतं,
ओढ्यातल्या दगडांवरून पाय टाकत जावं तसं.
बोलायचं वाक्य घरूनच पाठ करून नेलेलं.
खिडकीपाशी ते मध्येच निसटलं:
"नन्न मगळ हेसरु… हाक… हाक…"
रांगेत मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.
सानिकानं माझं बोट गच्च धरलं.

खिडकीतली पोरगी, चष्मेवाली, माझ्या निम्म्या वयाची.
तिनं पेन खाली ठेवलं.
"हेळ्री अक्का. निधान हेळ्री."
आणि थांबली.
घाई नाही, कीव नाही,
माझं वाक्य माझ्या हातून घेऊन पुरंही केलं नाही.
मी पहिल्यापासून सांगितलं. पुन्हा चुकलं असणार.
तिनं ऐकलं मात्र असं, की ते तसंच म्हणतात.

बसची वाट बघताना सानिकानं विचारलं,
"आई, ते 'री' म्हणजे काय?"
म्हटलं, "काही नाही. नुसतं लावायचं.
आपण 'अहो' पुढं लावतो, ते मागं लावतात.
शब्दाच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं."
थोडा वेळ गप्प.
"आणि मागं हसला तो? त्याला काय लावायचं?"
मी बस येते का बघितलं.

संध्याकाळी नीलव्वाची वाटी फडताळात दिसेना.
चार दिवस आमच्याकडं पडलेली.
सानिकाही दिसेना.
माग चालू होते, त्यामुळं तुकडे तुकडेच आले कानावर:
"नीलव्वा री… वाटी… ऊटा आयतेन्री?"
आणि निघताना, जोरात,
"होगी बर्तानरी!"
'जाऊन येते' म्हणायचं होतं,
'जाऊन येतो तो' असं काहीसं झालं.
नीलव्वा हसली. खोकला येईपर्यंत हसली.
कसलं हसणं, ते विटेतून कळलं नाही.

सानिका आली. कडी हळू लावली.
"ती पण हसली मला."
"मग?"
"मग म्हणाली, निधान.
आणि हे दिलं." मुठीत तंबिटाचा लाडू,
अर्धा तिथंच खाल्लेला,
उरलेल्यातला अर्धा तिनं मला दिला.

मी अजून गेलेले नाही पलीकडं.
वाक्य जुळवतेय.